चुकीच्या जागचा घट्टा

हात पुढे कर, आनंदी. बोटाचं टोक नको दाखवूस, नुसतं टोक बघून मी काय करू? अख्खा हात दे, तळव्यासकट. तुझ्या आईला वाटतं म्हातारी चळली, सतार शिकवायची सोडून पोरींचे हात चाचपत बसते. वाटू दे. पुण्यात काय वाटून घ्यावं यावर सरकारने अजून पट्टी बसवलेली नाही, म्हणून सगळ्यांना सगळंच वाटत असतं.

आता माझी बोटं बघ. हसायचं असेल तर एकदाच हसून घे. हे मधलं बोट मागे दाबलं की पार मनगटाकडे जातं. शेवटचं पेर तर कुणाचंच ऐकत नाही. कशावर जोर देऊन टेकवलं की आत बसतं आणि उलटं वाकतं. शेजारची एक बाई म्हणायची, अशा हातात लक्ष्मी टिकत नाही, बोटांच्या फटींतून गळते. गळायला ती आधी हातात यावी लागते, हे त्या बाईला कुणी सांगितलं नव्हतं.

माझी आई, सोजरबाई, मात्र या बोटांवर भारी खूश होती. आम्ही कलावंतिणी. आमच्याकडे मुलगी कळती झाली की तिच्या हाताला तेल लावून बोटं मागे दाबायचे, रोज, ती रडेपर्यंत. नाचताना हात उघडला की बोटं कमान धरून मागे गेली पाहिजेत. आईची बोटं तिच्या आईने अशीच दाबून दाबून वळवली होती. माझी दाबायला घेतली, तर ती आपली आपणच मागे गेली. आई म्हणाली, "हिला देवाने तेल लावूनच पाठवलीय." त्यानंतर तिने मला नाच शिकवला, आणि मीही बऱ्यापैकी शिकले.

श्रीमंत सवाई माधवराव लहान होते तेव्हाची ही गोष्ट. आम्ही शुक्रवारात राहायचो. आईचे गुडघे धरले होते, तिने पायांतले चाळ खुंटीला अडकवले होते आणि आता नाचायचं मी, असं ठरल्यासारखं होतं. नाचता येईना अंगण वाकडं, असं लोक म्हणतात. मला नाचता येत होतं, अंगणही सरळ होतं. फक्त अंगणाचा मालक मला नको होता.

मालक म्हणजे शनिवार पेठेतले एक सरदार. नाव सांगत नाही, त्यांची नातवंडं अजून तिथेच राहतात आणि रस्त्यात भेटली की मला रामराम करतात. त्यांच्या गणपतीत मी नाचले होते. दुसऱ्या वर्षी पाडव्याच्या सुमारास त्यांचा कारभारी आमच्या दारात आला. म्हणाला, येत्या भाद्रपदात नाच झाला की मुलगी वाड्यावरच राहील. राहील म्हणजे कायमची. त्या वाड्यात आधीच दोघी राहत होत्या. त्यांतली एक आईबरोबर नाचलेली. ती कधी माडीच्या खिडकीत दिसायची, पण आईने खालून बघितलं की आत सरकायची.

आई वाईट नव्हती, हे आधी सांगते, नाहीतर तू उगाच तिच्यावर डोळे वटारशील. तिचं म्हणणं साधं होतं. डोक्यावर छप्पर, दोन वेळचं पोटाला, म्हातारपणी कुणी हाकलत नाही. मी म्हटलं, "मला सतार शिकायचीय."

"सतार? मधूनच सतार कुठून आली?"

"नाचणारीला लोक बघतात, आई. सतार वाजवणारीला निदान डोळे मिटून तरी ऐकतात."

तिने खुंटीवरच्या चाळांकडे बघितलं. तिला बघणाऱ्यांचा अनुभव माझ्याहून जास्त होता.

आमच्या लोकांत एक रीत होती. उस्तादाने मनगटाला गंडा बांधला, म्हणजे लाल दोरा बांधून गूळ-चणे खाऊ घातले, की ती मुलगी उस्तादाची शागीर्द. तो सोडेपर्यंत तिला कुणी घरात घालून घ्यायचं नाही. मागणारा केवढाही मोठा असो, त्याने हे पाळायचं, कारण उद्या त्याच्याच बैठकीला उस्ताद आला नाही तर चारचौघांत नाक कुणाचं कापलं जाणार? आईने याच रितीवर बोट ठेवलं. म्हणाली, "आषाढात व्यासपौर्णिमेला जयसिंग उस्तादांनी तुला गंडा बांधला, तर कारभाऱ्याला मी नाही म्हणेन. नाही बांधला, तर भाद्रपदात मुकाट जायचं. आणि रडायचं नाही." मी कबूल झाले. कबूल न होऊन जाणार होते कुठे?

जयसिंग उस्ताद मूळचे ग्वाल्हेरकडचे. शिंद्यांच्या फौजेबरोबर इकडे आले आणि ओंकारेश्वराजवळ दोन खोल्या घेऊन राहिले. पुण्यात इतकी वर्षं काढून त्यांना मराठी चांगलं येत होतं, आणि ते पुण्यातच शिकल्यामुळे फार गोड बोलत नसत. पहिल्या दिवशी त्यांनी भोपळ्याला चीर गेलेली एक जुनी सतार माझ्या मांडीवर ठेवली. सरळ सात सूर वर जायचे आणि खाली यायचे, एवढं दाखवलं. म्हणाले, "घरी हेच घास. बोटाला घट्टा पडला की पुढचं. रोज सकाळी हात दाखवून जायचा."

त्यांची पद्धतच तशी होती. शागिर्दाने समोर बसून डावा हात पुढे करायचा. उस्ताद आपला अंगठा पहिल्या दोन बोटांच्या टोकांवरून फिरवणार. टोक कडक लागलं तर सतार काढायची, मऊ लागलं तर घरची वाट धरायची. कच्च्या बोटाची सतार ऐकली की आपले कान दुखतात, म्हणायचे. शितावरून भाताची परीक्षा. आता मी स्वतः शिकवते तर सांगते, पद्धत वाईट नव्हती. आळशी पोरं तिच्यात लगेच उघडी पडत. तारेवर घासणाऱ्याच्या बोटाला घट्टा पडतोच, आणि पडतो तो टोकावरच. सगळ्यांची बोटं तशीच असतात ना.

माझी नव्हती. मी टोकाने तार दाबायला जायची आणि शेवटचं पेर आत मोडायचं. तार टोकाखालून सरकून बोटाच्या मऊ भागावर यायची आणि सतार कण्हायची. पुन्हा बोट उभं करायचं, पुन्हा ते बसायचं. सकाळपासून दुपारपर्यंत तेच. आणि दुसऱ्या दिवशी उस्तादांचा अंगठा टोकावरून फिरला की एकच शब्द, "जा." आरडाओरडा नाही, शिवी नाही. नुसतं जा. एखादी शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

माझ्याबरोबर यज्ञेश्वर शिकायला यायचा, तुळशीबागेजवळच्या एका कीर्तनकारांचा मुलगा. आखूड जाड बोटं आणि टोकांना हे असे घट्टे. माझा स्पर्श होऊ नये म्हणून तो हातभर अंतर ठेवून बसायचा आणि घरी जाण्याआधी नदीवर आंघोळ करायचा. माझ्यामुळे त्या वर्षी अख्ख्या पेठेत त्याच्याएवढं स्वच्छ कुणी नसेल. पण मनाने सरळ होता. एक दिवस बाहेर पडताना, माझ्याकडे न बघता म्हणाला, "तार टोकाखालीच हवी. तुझं पेर मोडतंय. काहीतरी लावून बांध त्याला."

मी बांधलं. बांबूची कामटी तासून घेतली, बोटाच्या पाठीला लावली आणि वरून चिंधी गुंडाळली. पेर मोडायचं थांबलं, हे खरं. पण आता बोट इकडे हलेना की तिकडे. त्यात ते सुजलं, ठणकायला लागलं. तशीच गेले हात दाखवायला. उस्तादांनी चिंधीकडे बघितलं आणि म्हणाले, "दुखणं वैद्याला दाखवायचं असतं." येताना ती कामटी मी मुठेत फेकून दिली. नदीला काही फरक पडला नाही.

वैशाखात एका दुपारी माझं डोकं फिरलं. आई झोपली होती, बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि मी तेच सात सूर घासत बसले होते. म्हटलं, खड्ड्यात गेलं ते टोक. मोड, काय मोडायचंय ते. बोटाला आवरायचं सोडून दिलं आणि त्याला हवं तसं तारेवर पडू दिलं. पेर नेहमीसारखं आत बसलं, तार सरकली आणि सांध्याजवळच्या रेघेपाशी येऊन थांबली. थांबली ती थांबलीच. उलटं बसलेलं पेर दाराच्या अडसरासारखं घट्ट झालं होतं. मी तार बाजूला खेचून बघितली.

दांडीवरच्या एकाच पडद्यावर तार खेचत एका सुरावरून वरच्या सुरावर जायचं, त्याला मींड म्हणतात, हे तुला ठाऊक आहे. नव्या माणसाची तार खेचताना बोटाखालून निसटते. माझी निसटली नाही. मी आणखी खेचली, तरी नाही. सूर वर चढत गेला आणि मला हवा तिथे उभा राहिला. मला हसूच आलं. आणि लगेच मी तार सोडून दिली, कारण हे चूक होतं. तार टोकाखाली हवी, हे सगळ्यांनी सांगितलं होतं.

तरी मी तसंच वाजवू लागले. दुसरं काही जमतच नव्हतं. सोपं नव्हतं हो. बोटाचा सपाट भाग पडद्याला टेकला की आवाज बसायचा, मग जरा मागे राहायला शिकले. खेचायला बोटातली ताकद पुरेना, मग नाचातलं मनगट वापरलं. ज्येष्ठ संपता संपता त्या चिरलेल्या भोपळ्यातून असा आवाज यायला लागला की माझा मलाच भरवसा वाटेना. आणि घट्टा पडला. चांगला जाड, पिवळा. पण टोकावर नाही, शेवटच्या सांध्याच्या रेघेवर. मी तो लपवत असे. उस्तादांपुढे हात धरताना बोटं किंचित मिटायची, म्हणजे टोकं तेवढी पुढे येत. चोरी उघडी पडू नये म्हणून चोर जपतो ना, तशी मी जपत होते, आणि चोरलं काय तर माझीच मेहनत.

एकदाच धीर केला. "उस्ताद, जरा..." म्हटलं. त्यांनी हात वर केला. "तू बोलू नकोस. बोट बोलेल." आणि अंगठा टोकावरून फिरवून म्हणाले, "जा."

व्यासपौर्णिमेच्या आदल्या सकाळी त्यांनी यज्ञेश्वरला उद्या नारळ घेऊन यायला सांगितलं. मला काही सांगितलं नाही. मी थोडी थांबून राहिले, उगाच. मग सतार उचलली आणि चालत घरी आले. हौदावर बाया पाणी भरत होत्या, त्यांतली एक म्हणाली, काय मुक्ता, आज तोंड उतरलंय. मी म्हटलं, उतरलंय तर उचलायला या. तिने आपली घागर उचलली.

आईला बघूनच कळलं. दुपारी तेलाची वाटी घेऊन माझ्यासमोर बसली. भाद्रपद दीड महिन्यावर आला होता आणि कित्येक दिवसांत माझ्या हाताला तेल लागलं नव्हतं. "आण हात," म्हणाली. मी दिला. ठरल्याप्रमाणे रडत नव्हते.

तेल चोळता चोळता तिने विचारलं, "नाही का म्हणतात ते?"

"बोटाला घट्टा नाही म्हणून."

"दिवसभर तर कानाशी तार वाजत असते. घट्टा जातो कुठे मग?"

तिने पहिलं बोट धरून मागे दाबलं, लहानपणी दाबायची तसं, आणि तिचा अंगठा अडला. तिने पुन्हा फिरवून बघितला. मग दुसरं बोट बघितलं. हात उजेडाकडे नेला.

"हे काय?"

"चुकीच्या जागी पडलाय," मी म्हटलं. "तार टोकाखाली हवी. माझं पेर मोडतं."

"चुकीच्या जागी," आई म्हणाली. "तुझ्या बोटाची जागा दुसरं कोण ठरवणार गं? वाजव."

"तुला सतारीतलं कळत नाही म्हणतेस ना?"

"पायात चाळ बांधून जन्म गेला माझा. सतार कळत नसेल, सूर कळतो. वाजव."

मी वाजवलं. मान खाली घालूनच वाजवलं. संपल्यावर वर बघितलं तर आई तेलाचे हात मांडीवर ठेवून तशीच बसलेली. मग ती वाटी उचलून आत ठेवून आली. आता वाटतं, त्या दिवशी तिने काहीतरी ठरवलं होतं, आणि मला वाटलं त्यापेक्षा पुष्कळ जास्त ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शनिवारात उस्तादांकडे गेलो. नारळ नाही, काही नाही, बोलावणंही नाही. आई गुडघ्यांमुळे हळू चालायची आणि वाटेत चिखल. पोचलो तेव्हा उस्ताद पाटावर बसले होते, समोर यज्ञेश्वर सोवळं नेसून, ताटात गूळ-चणे आणि लाल दोऱ्याचं रीळ. आई उंबऱ्यातच उभी राहिली.

"उस्ताद, माझ्या मुलीचा हात परत बघा."

"रोज बघितलाय, सोजरबाई."

"आज परत बघा."

ते चिडले होते. शुभ दिवस म्हणून बोलले नाहीत. मी पुढे बसले, हात धरला. त्यांनी अंगठा टोकांवरून फिरवला आणि आईकडे बघितलं, म्हणजे झालं समाधान?

"अंगठा थोडा खाली घ्या," आई म्हणाली.

उस्तादांना असं कुणी सांगत नसे. यज्ञेश्वरने तर मानच खाली घातली. पण अंगठा खाली आला. सांध्यावर येऊन थांबला. तिथेच घासून बघितला, नख लावून बघितलं. मग दुसऱ्या बोटावर.

"हे कधीपासून?"

"वैशाखापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"बोट बोलेल म्हणाला होतात," मी म्हटलं.

आई मागून खाकरली. उस्तादांनी आपली सतार, स्वतःची, उचलून माझ्याकडे सरकवली. "वाजव."

मला सात सुरांपलीकडे काही शिकवलेलंच नव्हतं, तेव्हा तेच वाजवले. वर जाताना गांधारावर थांबले आणि तार खेचली, मध्यम, मग पंचम, आणि पंचमावर तशीच धरून ठेवली. सूर हलला नाही. चांगली सतार हातात असली की काय होतं ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. खाली उतरले आणि हात काढला.

उस्तादांनी माझं बोट पुन्हा हातात घेतलं. ते उलटं दाबून बघितलं, मग आपलं स्वतःचं दाबून बघितलं. त्यांचं जागचं हललं नाही.

"माझ्या हाताला हे येत नाही," ते म्हणाले. "मला जे येत नाही ते मी तुला शिकवू कसं? गंडा बांधायचा म्हणजे शिकवायची जबाबदारी घ्यायची. खोटा गंडा मी बांधत नाही."

आनंदी, इतक्या दिवसांत मला रडू आलं नव्हतं, ते तेव्हा यायला लागलं. म्हणजे आळशी म्हणून नाही, तर नाही जमत म्हणून जायचं. वाडा तोच. मी म्हटलं, "राग तुम्हाला येतात. राग शिकवा. बोटाचं माझं मी बघते."

बाहेर ओंकारेश्वराची घंटा कुणीतरी वाजवत होतं. मग त्यांनी रीळ उचललं, यज्ञेश्वरच्या मनगटाला दोरा बांधला, उरलेला दाताने तोडला आणि म्हणाले, "हात आण. उजवा. डाव्याचं तुझं तू बघणार आहेस ना."

गूळ-चणे खाताना यज्ञेश्वर माझ्याशेजारी बसला. हातभर अंतर होतंच, पण त्या दिवशी ते थोडं कमी होतं.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. कारभारी आला तेव्हा आईने त्याला माझं मनगट दाखवलं. त्याने ते बघितलं, काय समजायचं ते समजला, आणि म्हणाला, "ठीक. पण गणपतीतला नाच ठरलाय. पाहुण्यांना आवतणं गेलीत. नाचणार कोण, ते तुमचं तुम्ही बघा."

"मी येते," आई म्हणाली.

कारभारी हसला आणि गेला. मी आईला म्हटलं, "तुला जिना चढवत नाही. सरळ नाही म्हणून कळव."

"तुझ्यासाठी एकदा नाही म्हटलंय. एकाच दारात दोनदा नाही म्हणता येत नाही, मुक्ते." एवढं बोलून तिने खुंटीवरचे चाळ काढले आणि पुसायला घेतले.

गणपतीत साथीला जयसिंग उस्तादच होते. मला त्यांनी आपल्या मागे बसवलं. म्हणाले, नुसता षड्ज छेडत राहा, बाकी काही करायचं नाही. दिवेलागणीला दिवाणखाना भरला. आई आली. तिला मी नाचताना बघितलं होतं ते लहानपणी, आता मोठेपणी बघत होते. लोडाला टेकलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "हे काय, जुन्या बाजारातून आणलीत की काय?" बाकीचे हसले. तिने ते ऐकलं. बसून अदा करून वेळ मारून नेता आली असती, कुणी काही म्हटलं नसतं. ती उभी राहूनच नाचली. हात उघडले की तिची बोटं मागे जात, तिच्या आईने रडवून वळवलेली, आणि तेवढ्या हातांकडे बघितलं तर तिचं वय कळत नव्हतं. गुडघ्यांकडे बघितलं तर कळत होतं. हसणारे हळूहळू गप्प झाले.

शेवटी सरदारांना मुजरा करायचा असतो, खाली बसून. ती बसली. आणि उठेना.

तिने तळहात जमिनीवर टेकवला. बोटं पार मागे वळली. लोक बघायला लागले होते. उस्तादांनी मागे न वळता, ओठातल्या ओठात म्हटलं, "खेच."

मी षड्जावरून तार खेचली. जेवढी जाईल तेवढी. दिवाणखान्यातल्या माना माझ्याकडे वळल्या, सरदारांचीही. बोट तारेवर अडसरासारखं बसलं होतं, ते निसटणार नाही हे मला ठाऊक होतं. मी सूर वर नेत राहिले आणि कुणाकडेही बघितलं नाही, फक्त आईच्या हाताकडे. तिने एक गुडघा सोडवला. मग दुसरा. सूर मी खाली आणला तेव्हा ती सरळ उभी होती आणि कुणाचंही तिच्याकडे लक्ष नव्हतं. सरदार म्हणाले, "वा." ते मला म्हणाले होते. मला त्याचं काहीच वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तेलाची वाटी घेऊन तिच्यापाशी बसले. जन्मभर तेल तिने माझ्या हाताला लावलं होतं, मी तिच्या कशालाच कधी लावलं नव्हतं. गुडघा सुजून टम्म झाला होता. मला वाटलं तिथे मी अंगठ्याने दाबू लागले. ती डोळे मिटून पडली होती. मला वाटलं, बरं वाटतंय तिला.

मग ती म्हणाली, "थोडा खाली."

मी अंगठा खाली घेतला.